दहा म्हणायला लागणारा वेळ

समस्त सोलापूरकरांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, सिनेमातला बॉक्सर पडला की दहा मोजायला अडतीस सेकंद लागतात. एका सिनेमात बेचाळीस लागले होते, पण त्यात मधेच नायकाच्या आईचं अर्धं बालपण दाखवलं होतं, म्हणून सरांनी तो आकडा बाद केला. खऱ्या रिंगमध्ये दहा मोजायला दहाच सेकंद लागतात. इतक्या मोठ्या तफावतीची शहरात कुणीही दखल घेत नाही, याचं सरांना फार वाईट वाटायचं. शेजारच्या खुर्चीवर बसून मी जांभई दिली की ते म्हणायचे, "माइक, तुमाला बी काय वाटत न्हाय बघा."

माइक म्हणजे मी. पोटासाठी कॉलेजात क्लार्क आणि हौसेसाठी निवेदक. जिल्ह्यात कुठलीही स्पर्धा असो, मंडपात माझा आवाज असतोच. आणि सर म्हणजे मोहोळकडच्या एका खेड्यातून आलेले, शाळेत तीस-एक वर्षं पोरांना कवायत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. पूर्व भागातल्या एका बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये ते सकाळी मुलामुलींना बॉक्सिंग शिकवायचे. आणि जिल्ह्याच्या सामन्यांत ते टाइमकीपर. टाइमकीपर म्हणजे घंटा वाजवून राउंड सुरू करणारा आणि संपवणारा माणूस. कुणी पडलं की हाच माणूस टेबलावर लाकडी हातोडीने सेकंदासेकंदाला ठोका देतो आणि त्या ठोक्यावर रिंगमधला पंच बोटं दाखवत मोजतो. पंच दिसतो, टाळ्या बॉक्सरला मिळतात, टाइमकीपरला टेबलाखाली डास चावतात. या टेबलाशी माझी नि सरांची खुर्ची बारा वर्षं शेजारी शेजारी होती.

वेळेचं वेड त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. चहा उकळायला ठेवला की गळ्यातलं स्टॉपवॉच सुरू. तीन मिनिटं झाली की गॅस बंद, मग चहा झालेला असो की नसो. शाळेने त्यांचा निरोप समारंभ केला तेव्हा ते स्वतःची घंटा घेऊन आले. प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं. मुख्याध्यापक उठले, त्यांनी चष्मा काढला, रुमाल काढला आणि "आज बोलताना माझा कंठ..." इथे पोचेपर्यंतच तीन मिनिटं झाली. टण्ण! मुख्याध्यापकांचा कंठ तसाच दाटलेला राहिला. शेवटी सर स्वतः उठले, "धन्यवाद" म्हणाले, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं सत्तावन्न सेकंद शिल्लक हायत. तेवढ्यात चहा घ्या."

तर अशा माणसाला गेल्या तीन वर्षांत बॉक्सिंगच्या सिनेमांचा नाद लागला. हिंदी, मराठी, तेलुगूतून आणलेला, कुठलाही. पोस्टरवर हातमोजे दिसले की दुपारच्या खेळाला आम्ही दोघं हजर. मल्टिप्लेक्सच्या दारातला सिक्युरिटीवाला खिसे तपासायचा. सरांच्या खिशातून तीन वस्तू निघायच्या : शेंगदाण्याची पुडी, स्टॉपवॉच आणि कापसाचे दोन बोळे. पुडी तो काढून घ्यायचा. एकदा त्याने विचारलं, "काका, कापूस कशाला?"

"रडू येऊ नये म्हणून."

"डोळ्यात घालता?"

"कानात," सर म्हणाले. "रडं कानातनं शिरतं रं. डोळे बिचारे साधे असतात."

हा त्यांचा सिद्धांत होता आणि तो ते मला दर सिनेमाला नव्याने सांगायचे. त्यांचं म्हणणं, पडद्यावर जे चाललंय त्याने माणूस रडत नाही. व्हायोलिन रडवतं. नायकाची आई इस्पितळात, नायक रिंगमध्ये; व्हायोलिन काढून टाकलं तर उरतं काय? एक बाई झोपलीय आणि एक माणूस घामाघूम झालाय. माझा विश्वास बसेना म्हणून त्यांनी एकदा त्यांचे बोळे माझ्या कानात कोंबले. पडद्यावर नायक गुडघ्यावर बसून आभाळाकडे बघत ओरडत होता. खरं सांगतो, मला तो दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखा दिसला. मी फिसकन हसलो. पुढच्या रांगेतल्या बाईंनी रडता रडता मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की माझ्यातली माणुसकी संपली, हे मलाही पटलं.

बोळे घातल्यावर सर पुढचं सगळं आधी सांगायचे. "आता पाऊस." पाऊस यायचा. "आता फाटका बूट दाखवणार." बूट यायचा. "आता आवाजच बंद करतील, बघा." आणि खरंच, शेवटच्या मारामारीत ऐन वेळी सगळा आवाज बंद व्हायचा, नायक सावकाश पडायचा आणि त्याच्या घामाचे थेंब मोत्यांसारखे उडायचे. सर स्टॉपवॉचचं बटण दाबायचे. पंच म्हणायचा, एक. मग आईचा हात दिसायचा. दोन. मग लहानपणीची वाट. सर मान हलवत राहायचे.

अडचण एकच होती. कानात बोळे असलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. सर कुजबुजायचे असं त्यांना वाटायचं. एकदा सगळं थिएटर मुसमुसत असताना त्यांनी "आता म्हातारी खोकणार" असं सांगितलं, ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. म्हातारी लगेच खोकली. तीनशे माणसं रडायचं सोडून हसली आणि टॉर्चवाला आमच्यापाशी येऊन उभा राहिला. तेव्हापासून आमचं ठरलं होतं : आवाज वाढला की मी त्यांचा गुडघा दाबायचा.

मला वाटायचं, निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा, त्यातला हा एक. हा नाद तीन वर्षांपूर्वीच का लागला, त्याच्या आधी सरांनी थिएटरची पायरी का चढली नव्हती, हा प्रश्न मला पडायला हवा होता. माइक हातात असलेल्या माणसाला प्रश्न कमी पडतात.

तीन वर्षांपूर्वी काय झालं ते सांगतो.

सरांच्या शेडमध्ये श्रीलता नावाची मुलगी होती. विणकरांच्या घरातली. वडील नव्हते, आई विड्या वळायची. आई सकाळी सूप मांडीवर घेऊन शेडच्या दारातच बसायची. पोरगी आत ठोसे मारायची, आई बाहेर विड्या वळायची आणि दोघींचे हात सारख्याच वेगाने चालायचे. श्रीलता अकरा वर्षांची असताना आली आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिने एकही सकाळ चुकवली नाही. सर तिचं कौतुक करायचे नाहीत. एखादा फटका चांगला बसला तर फक्त "हां" म्हणायचे. ते "हां" ऐकायला पोरगी आणखी शंभर फटके मारायची.

सरांच्या शिकवण्यात एक गोष्ट होती, जी मी दुसऱ्या कुठल्या कोचकडे बघितली नाही. ते पोरांना पडायला शिकवायचे. आठवड्यातून एकदा सगळ्यांना फरशीवर उताणं झोपवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि मनातल्या मनात मोजायला सांगायचं. "पडल्यावर पंचाचं ऐकू येत न्हाय. डोक्यात मधमाश्या शिरलेल्या असतात. आपलं आपण मोजायचं. आठपर्यंत दम खायचा, नवाला उटायचं." ते घड्याळ घेऊन उभे राहायचे. कुणी सहाला उठायचं, कुणी चौदाला, एक जण तर झोपूनच गेला होता. श्रीलता बरोब्बर नवाला उभी. दर वेळी. सर घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "हां."

त्या वर्षी राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याची निवड होती. श्रीलताच्या वजनगटात एकच सामना. जिंकेल ती राज्यावर जाणार. राज्यावर चांगलं खेळली तर खेळाडूंच्या जागेतून पोलीसभरतीचा अर्ज भरता येणार होता. घरातल्या विड्या थांबायची तेवढी एकच वाट दिसत होती. कोचने आपल्याच मुलीच्या सामन्याला टाइमकीपर असू नये, हे सरांनी आधीच सांगितलं होतं. पण ज्याला घड्याळ कळतं असा दुसरा माणूस त्या दिवशी कुर्डुवाडीत अडकला होता, आणि समोरच्या मुलीचा कोचच म्हणाला, "सर, तुम्हीच बसा की. तुमच्या घड्याळावर कुणाचा भरोसा नाही?"

मी माइकवर होतो. आता माझी बाजू कबूल करतो. सरांचा निवेदनाचा नियम होता : नाव, गाव, वजन, बस. पण समोर हजारभर माणसं आणि पहिल्या रांगेत सूप बाजूला ठेवून आलेली ती आई. मला राहवलं नाही. मी आवाज खाली नेला, मग हळूहळू वर चढवला. "विड्या वळणाऱ्या मातेच्या हातांची शपथ घेऊन..." सरांनी माइक हिसकावून बंद केला. "तुमी तिला लडायला देता का रडायला लावता?" मी नंतर पुन्हा चालू केला. लोकांना आवडलं होतं ना.

दोन राउंड श्रीलताचे होते. तिसऱ्यात समोरच्या मुलीचा एक उजवा ठोसा असा बसला की श्रीलता आडवी झाली. पुढच्या रांगेतून आईचा आवाज आला, "ले बिड्डा, ले!" तेलुगूतलं ते 'ऊठ बाळा' कळायला तेलुगू यावं लागत नव्हतं. सरांच्या हातोडीचा पहिला ठोका पडला. आणि मी, या जिल्ह्यातला सगळ्यात हळवा मूर्ख, माइक तोंडाला लावून सुरू झालो, "ऊठ! ऊठ! ऊठ!" लोकांनी उचलून धरलं. हजार माणसं टाळ्या वाजवत, "ऊठ! ऊठ!" भजनात शेवटी टाळ कसे आपोआप वाढत जातात, तशी लय वाढत गेली. माझ्या अंगावर काटा आला होता. श्रीलता गुडघ्यावर आली. उभी राहिली. हात वर घेतले. आणि त्याच क्षणी दहावा ठोका पडला. पंचाने दोन्ही हात फुली मारल्यासारखे हलवले. सामना संपला.

पुढचा गोंधळ मी सांगत नाही, तुम्ही सिनेमात बघितलाच असेल. आई टेबलापाशी आली. रडत नव्हती. "सर, उभी होती की ओ पोरगी." एवढंच म्हणाली. सर हातातल्या घड्याळाकडे बघत होते. मी तक्रारीचा फॉर्म काढला; तेवढा एकच कागद, त्यावर सही करायची आणि दोन तास सगळे भांडायला मोकळे. तेवढ्यात श्रीलता आली. हातमोजे काढून तिने सरांसमोर टेबलावर ठेवले आणि मला म्हणाली, "राहू द्या. सरांचं घड्याळ चुकत नाही. चल अम्मा."

दुसऱ्या दिवसापासून ती शेडवर आली नाही. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. सरांनी टाइमकीपरचं काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "डोळ्याला कमी दिसतंय." आणि दर रविवारी ते शेडच्या भिंतीवर एक हातमोज्यांची जोडी उन्हात घालायचे. मी म्हणालो, "सर, हे तर कुणीच घालत नाही." "न घालता बी वास येतो," ते म्हणाले. इथे व्हायोलिन घालायचा मला फार मोह होतोय. पण सरांनी गुडघा दाबला असता.

या वर्षी एक नवा सिनेमा आला. बॉक्सर मुलगी, गरीब आई, मरणाच्या दारात असलेला कोच. माझ्यातला निवेदक जागा झाला. मी ठरवलं की या दोघांना समोरासमोर आणायचं. चार तिकिटं काढली : दोन पुढच्या रांगेत, दोन बरोबर त्यांच्या मागे. सरांना काही सांगितलं नाही. कारखाना सुटताना फाटकापाशी श्रीलताला गाठलं. डबा हातात, केसांत धाग्याचे तुकडे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सर माझ्याबद्दल काय बोलले काय?"

"नाही," मी म्हणालो. खोटं बोलायची संधी होती, पण तयारी नव्हती.

"अजून नाही?"

त्या 'अजून'कडे मी लक्ष दिलं नाही. मी पुढचं दृश्य रचत होतो.

खेळ सुरू झाला. आम्ही बसल्यावर, अंधारात, त्या दोघी मागे येऊन बसल्या. सरांनी बोळे घातले, स्टॉपवॉच मांडीवर. मागे श्रीलताची आई पहिल्या गाण्यापासूनच रडायला लागली होती. कोचला खोकला यायच्याही आधी. सर पडद्यावरच्या घटनांचा हिशेब आधीच देत होते. "आता औषधाची बाटली सांडणार." सांडली. "आता नर्स टीव्ही लावणार." लावला. मी दोनदा गुडघा दाबला. पडद्यावरच्या सामन्याचा एक राउंड अकरा मिनिटांचा झाला तेव्हा सर म्हणाले, "हिच्या जागी मी असतो तर जेवून आलो असतो."

मग शेवटचा फटका. मुलगी पडली. आणि सरांनी सांगितलं होतं तसंच झालं : पडद्यावरचा सगळा आवाज बंद. थिएटरात नुसती नाकं ओढल्याचा आवाज. मागून आई हळूच म्हणाली, "ले बिड्डा..." सरांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांनी बटण दाबलं होतं. पंचाने एक बोट दाखवलं. इस्पितळातला कोच दिसला. दोन बोटं. पोरगी लहान असताना फाटक्या पिशवीवर ठोसे मारताना दिसली. मी घड्याळाच्या हिरव्या उजेडात सरांकडे बघितलं. या वेळी ते मान हलवत नव्हते.

"पंधरा सेकंद झाले," ते म्हणाले. त्यांच्या समजुतीने कुजबुजत. "तिकडं अजून चारच. देऊ द्या. पोरगीय, देऊ द्या तिला टाइम."

मी गुडघा दाबला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"आपण तर दहा बी पुरे दिले न्हाईत, माइक. तुमचं ते ऊठ-ऊठ कानात शिरलं. घड्याळ हातातच होतं, पर हात लोकांच्या टाळ्यांच्या मागं धावला. हातोडी खाली ठिवली आन् घड्याळ बघितलं. दहावा ठोका दहा सेकंद व्हायच्या आधीच पडला होता. पोरगी म्हणली घड्याळ चुकत न्हाय, मग मी कुटल्या तोंडानं बोलू?"

पडदा मुका होता, म्हणून हे सगळं सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी "शूऽऽ" केलं. मला मात्र त्या हजार टाळ्या आठवत होत्या, आणि त्या वाढवणारा आवाज कुणाचा होता ते. ते कापसाचे बोळे व्हायोलिनसाठी नव्हतेच. ते माझ्यासाठी होते.

मागची खुर्ची करकरली. श्रीलता पुढे वाकली आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलली. सर दचकून वळले. पडद्याच्या उजेडात त्यांनी तिला ओळखलं. बोळे काढायचं भान त्यांना नव्हतं. थिएटरभर घुमेल अशा आवाजात ते म्हणाले, "आं? काय म्हणलीस?"

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा "आं?" केलं. टॉर्चवाला जिन्यावरून निघाला होता. पडद्यावरची मुलगी सातव्या बोटाला पोचली होती आणि तिच्याकडे आता कुणीही बघत नव्हतं. मग श्रीलता सरळ उभी राहिली आणि ओरडली,

"माहितीय की ओ सर! मी पण मोजत होते की! नऊच झाले होते!"